काम बदललं, आधी हिशेब मांडू



रानात खुरपणीला गेलेल्या, चुलीपुढं बसलेल्या, शिलाई मशीनवर पाय असलेल्या, एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या सगळ्या ताया, वहिनी, मावश्या आणि आज्यांना आमच्या बचत गटांचा नमस्कार.

आज आम्ही कामाविषयी बोलणार आहोत. काम जातं तेव्हा काय करायचं? आणि काम राहतं, पण त्याची रीतच बदलते, तेव्हा काय करायचं? महिन्याचा पगार बंद होऊन नगावर पैसे मिळायला लागतात. मालकाच्या जागी ठेकेदार येतो. कारखान्यातलं मशीन उठून आपल्या घरात येतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात हे घडलं. आमच्या तीन गटांतल्या नऊ जणींच्या वाट्याला आलं. त्यात आम्ही कुठं चुकलो आणि कुठं सावरलो, ते जसंच्या तसं सांगतो.

गोष्ट सुरू होते एका जेवणाच्या डब्यापासून.

आमच्या गटाची बैठक दर सोमवारी संध्याकाळी समाजमंदिरात असते. गटातली एक ताई तालुक्याच्या एमआयडीसीत कपडे शिवायच्या कारखान्यात सात वर्षं कामाला होती. तिची बचत कधी चुकली नव्हती. पण लागोपाठ दोन आठवडे तिनं पैसे आणले नाहीत, कर्जाचा हप्ताही आणला नाही. आमचा नियम होता, उशीर झाला की दहा रुपये दंड. आम्ही वही उघडली, दंड लिहिला. तिनं पदराच्या गाठीतून दहा रुपये काढून दिले आणि खाली मान घालून बसली. आम्ही पुढच्या विषयाकडं वळलो.

त्याच आठवड्यात आमच्यातली एक जण बँकेच्या कामाला तालुक्याला गेली होती. दुपारी एक वाजता एसटी स्टँडच्या बाकावर ही ताई एकटीच डबा उघडून बसलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "आज कारखान्यात लाईट नाही." दोन दिवसांनी दुसरीला ती तिथंच दिसली. तिलाही तेच सांगितलं.

पुढच्या सोमवारी बैठक संपल्यावर आम्ही तिला थांबवून घेतलं. आधी काही बोलेना. मग बांध फुटला. तिचं काम सुटून तीन आठवडे झाले होते. रोज सकाळी आठला डबा भरून ती घरातून निघत होती. दिवसभर स्टँडवर नाहीतर देवळात बसून साडेसहाच्या गाडीनं परत येत होती. घरी कुणालाच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सासरी कळलं तर म्हणतील, बरं झालं, आता पोरगीबी घरी बसू दे. ती अकरावीला आहे. तिच्या बसचा पास माझ्या पगारातून निघतो."

मैत्रिणींनो, आम्हाला त्या दहा रुपयांची लाज वाटली. बाईनं हप्ता का आणला नाही, एवढंच आम्ही विचारलं होतं. काय झालं, हे विचारलं नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आमच्या आजी बोलल्या. वय सत्तरीच्या पुढं. त्या म्हणाल्या, "आमचं मालक बी असंच बसलं हुतं गं. त्यांच्याजवळ डबा न्हवता, ट्रंक हुती." आजींचे यजमान मुंबईला कापड गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि किती तरी जण पुन्हा गिरणीची पायरी चढलेच नाहीत. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, कोकणाच्या गावागावांत माणसं ट्रंका घेऊन परत आली. आजी सांगत होत्या, "सहा म्हैनं ओसरीवर बसून हुतं. कुणाशी बोलणं न्हाय. मी शेतावर जायाची, शेण-घाण काढायची, पन इचारायचं सुचलं न्हाय की बाबा, मनात काय हाय. वाटायचं, गडीमाणूस हाय, त्याला काय इचारायचं."

मग त्या ताईकडं वळून म्हणाल्या, "काम गेल्याचं दुख असतंयच. पन ते लपवाया लागलं की त्याची लाज हुती. आन् लाज लई खाती माणसाला."

त्या रात्री आम्ही चौघी तिच्याबरोबर घरी गेलो. तिच्या नवऱ्यासमोर, सासूबाईंसमोर तिनंच सांगितलं, आम्ही फक्त शेजारी बसलो. नवरा बराच वेळ गप्प होता. मग एवढंच म्हणाला, "तीन आठवडे उन्हात बसलीस?" मुलीच्या कॉलेजचा विषय सासूबाईंनी काढलाच. पण गटाच्या बाया घरात बसलेल्या होत्या. पासाचे पैसे तीन महिने गटाच्या अंतर्गत कर्जातून देऊ, असं आम्ही तिथंच सांगितलं. विषय तेवढ्यावर थांबला.

आता कारखान्यात काय झालं होतं ते ऐका. कारण हे आज ना उद्या कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

काम एकदम गेलं नाही, तीन पायऱ्यांनी गेलं. पहिली पायरी दोन वर्षांपूर्वीची. एक दिवस सगळ्या बायांना सांगितलं, आता तुमची नावं ठेकेदाराकडं गेली. मशीन तेच, सुपरवायझर तोच, गेटही तेच. फक्त पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव बदललं. कुणी काही विचारलं नाही, कारण पगार तेवढाच होता. दुसऱ्या पायरीला काही लाईनवर पगाराऐवजी नगाचा दर आला. तिसऱ्या पायरीला एक लाईन बंद झाली आणि सांगितलं, "घरी मशीन घ्या, माल आम्ही देऊ. आधी राजीनामा लिहून द्या, म्हणजे तुमचा हिशेब लगेच करून टाकतो."

नऊ जणींनी नऊ तऱ्हा केल्या. दोघींनी त्याच दिवशी सही केली. एकीनं घाईनं गटाकडून अठरा हजार रुपये कर्ज उचलून मोटारीचं मशीन घेतलं. एक जण सुपरवायझरशी भांडून तडक घरी आली, तिनं आपली राहिलेली हजेरीसुद्धा लिहून घेतली नाही. आणि आमची ताई डबा घेऊन स्टँडवर बसली. नऊ जणी एकाच गाडीनं जात होत्या, पण एकीनंही दुसरीला विचारलं नाही की तू काय ठरवलंस.

आम्ही नऊ जणींना एकत्र बसवलं. प्रत्येकीनं घरातले होते नव्हते ते कागद आणले. कुणाचे पिशवीत, कुणाचे गादीखाली, कुणाचे देवाच्या फळीवर. पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र, ईएसआयचं कार्ड, पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर. हा यूएएन नंबर नऊपैकी सहा जणींना माहीतच नव्हता. जुन्या पगारचिठ्ठीवर तो सापडला.

मग आम्ही तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं गेलो. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही बाईला वकिलाची मदत फुकट मिळते. तिचं उत्पन्न किती, हे त्यात बघत नाहीत. १५१०० या नंबरावर फोन करूनही माहिती मिळते. तिथल्या वकील ताईंनी आम्हाला तीन गोष्टी नीट समजावून सांगितल्या. त्या तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट ग्रॅच्युइटीची. जिथं दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत, अशा ठिकाणी सलग पाच वर्षं नोकरी झाली, की काम सुटताना ग्रॅच्युइटी मिळते. राजीनामा दिला तरी मिळते. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज घ्यायची, तिला २६ नं भागायचं, आलेल्या आकड्याला १५ नं गुणायचं आणि मग जितकी वर्षं झाली तितक्यानं गुणायचं. आमच्या ताईचा मूळ पगार आणि भत्ता मिळून १०,४०० रुपये होता. २६ नं भागले की ४००. पंधरा दिवसांचे झाले ६,०००. सात वर्षांचे झाले ४२,०००. बाकावर बसून कोरडी भाकरी खाणाऱ्या बाईचे बेचाळीस हजार रुपये येणं होतं आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट राजीनाम्याची. मालकानं कामावरून कमी केलं आणि आपलं एक वर्ष भरलेलं असलं, तर महिन्याची नोटीस किंवा नोटिसीचा पगार, आणि दर वर्षामागं पंधरा दिवसांची भरपाई मागता येते. पण आपणच राजीनामा लिहून दिला, तर कागदावर आपण आपल्या मर्जीनं गेलो असं होतं आणि त्या भरपाईवर पाणी सोडावं लागतं. म्हणून "आधी राजीनामा द्या" असं कुणी म्हटलं, की सही करायच्या आधी एक दिवस मागून घ्या. कागद घरी आणा, वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा. कोऱ्या कागदावर तर सही नकोच नको.

तिसरी गोष्ट पीएफची. काम सुटलं की पीएफ काढून टाकायची घाई होते. पण दुसरीकडं काम लागलं तर तोच यूएएन नंबर तिथं द्यायचा, पैसे तिकडं वळवून घ्यायचे. पीएफबरोबर पेन्शनचाही हिस्सा जमत असतो आणि पेन्शनच्या हक्कासाठी दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. सात वर्षांवर सगळं काढून घेतलं, तर पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू होते.

आम्ही सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिला. पहिल्याच तारखेला समोरचे म्हणाले, या बाया आमच्या नाहीतच, ठेकेदाराच्या आहेत. तेव्हा पीएफचं पासबुक कामाला आलं. पहिल्या दिवसापासूनची नोंद त्यात होती, मध्ये एकाही महिन्याचा खंड नव्हता. चार महिने गेले, पाच वेळा तारखेला गेलो. प्रत्येक वेळी एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी आलीच. ज्या पाच जणींची पाच वर्षं भरली होती, त्यांना ग्रॅच्युइटी पूर्ण मिळाली. भरपाईत तडजोड झाली, मागितली त्यापेक्षा कमी मिळाली. आणि ज्या दोघींनी राजीनाम्यावर सही केली होती, त्यांना भरपाई मिळाली नाही. त्या दोघी आजही आमच्या बैठकीला येतात. हा विषय निघाला की गप्प होतात. आम्हाला वाटतं, त्यांनी सही केली त्या दिवशी संध्याकाळी बैठक असती तर!

आता दुसरा प्रश्न. घरी मशीन घेऊन काम करायचं की नाही?

ऐकायला छान वाटतं. गाडीची दगदग नाही, सुपरवायझरचं ओरडणं नाही, पोरं डोळ्यांपुढं. आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण जिनं घाईनं मशीन घेतलं होतं, ती महिन्याभरात वाळून गेली. रात्री अकरापर्यंत मशीन चालू आणि हातात पैसे टिकत नव्हते. मग एका रविवारी आम्ही तिच्याच घरी बसून वहीवर हिशेब मांडला. तुमच्या घरी असं काम असेल, तर कागद-पेन घेऊन बसा.

परकर शिवायचे, एका परकराला नऊ रुपये. तासाला चार, नऊ तासांत छत्तीस परकर. म्हणजे ३२४ रुपये. हे झालं वरवरचं. आता वजा करू. धागा तिचा, नगाला रुपयाचा, ३६ रुपये. वीज ७ रुपये. सुया, तेल, दुरुस्ती यांचे रोजचे ५. दर तीन दिवसांनी गठ्ठा आणायला-पोचवायला ६० रुपये भाडं, म्हणजे रोजचे २०. रोज दोन नग तरी खराब म्हणून परत यायचे, त्यांचे १८. एकूण ८६ रुपये गेले. राहिले २३८. त्यातून मशीनच्या कर्जाचा हप्ता आणि व्याज, रोजचे ३६. हातात उरले २०२. नऊ तासांनी भागले, तर तासाला बावीस रुपये.

कारखान्यात हातात साडेनऊ हजार यायचे. सव्वीस दिवसांनी भागले, तर रोजचे ३६५, तासाला पंचेचाळीस. वर पीएफ आणि ईएसआयचा दवाखाना. म्हणजे घरबसल्याच्या सोयीसाठी निम्म्याहून जास्त कमाई तिनं सोडली होती आणि तिला वाटत होतं, आपलाच हात हळू चालतोय.

हा आकडा वहीवर दिसला तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "म्हणजे मी आळशी नाही!"

तो हिशेब घेऊन आम्ही सहा जणी ठेकेदाराकडं गेलो. किमान वेतनाचा कायदा नगावर काम करणाऱ्यांनाही लागू आहे, हे वकील ताईंनी सांगितलं होतं, ते आम्ही त्यांच्या कानावर घातलं. पण भांडायला गेलो नव्हतो. आम्ही म्हणालो, "दादा, तुम्हाला सहा घरी सहा गठ्ठे पोचवावे लागतात. आम्ही सगळ्या एका जागी बसतो. टेम्पो एकदाच येऊ दे, माल मोजून घेऊ, मोजून देऊ. धागा तुम्ही द्या आणि दर वाढवा." त्यांना बारा रुपये सांगितले, ते दहावर अडले, शेवटी अकरावर जमलं. किती नग आले, किती गेले, दर काय, पैसे कोणत्या तारखेला, हे सगळं वहीत लिहून दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, हे आम्ही शिकलो होतो.

जागेचंही सांगायला हवं. घरात बसून काम करणाऱ्या बाईचं काम कुणाला दिसत नाही. नवरा म्हणतो, "घरीच आहेस ना, जरा गिरणीतून दळण आण." पाहुणा आला की चहा तिनंच करायचा. शेजारीण येऊन बसते. पोरानं आमटीची वाटी गठ्ठ्यावर सांडली, तर सहा परकरांचे पैसे गेले. म्हणून आम्ही ग्रामपंचायतीला अर्ज करून जुन्या बालवाडीची रिकामी खोली भाड्यानं घेतली. सहा मशीन तिथं नेली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मध्ये अर्धा तास जेवण. दार ओढून घेतलं की काम सुरू. तेच काम, त्याच बाया, पण आता घरचे म्हणतात, "ती कामावर गेलीय."

खोलीत गेल्यावर पुन्हा हिशेब मांडला. साडेसात तासांत तीस परकर, ३३० रुपये. खोलीचं भाडं आणि वीज मिळून प्रत्येकीचे दहा, दुरुस्तीचे पाच, एखादा नग खराब त्याचे अकरा. उरले ३०४. तासाला चाळीस रुपये. कर्ज असलेल्या बाईला पस्तीस. कारखान्याच्या पंचेचाळीसला आम्ही अजून पोचलो नाही आणि पीएफ तर नाहीच. हे लपवून काय करायचं? पण बावीसवरून इथपर्यंत आलो. पुढच्या दिवाळीआधी दुसऱ्या एखाद्या व्यापाऱ्याकडूनही माल आणायचा विचार आहे. एकाच माणसाच्या शब्दावर सहा घरं चालवायची नाहीत, हे आता ठरलंय.

उरलेल्या तिघींनी वेगळी वाट धरली. एक जण दुसऱ्या कारखान्यात लागली, तिनं तोच यूएएन नंबर दिला. एकीनं जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे बँकेच्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, मोफत शिक्षण घेऊन ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं. तिसरी म्हणाली, "मला आता मशीनसमोर बसायचंच नाही." ती शेळ्या पाळते. शिलाई सोडली म्हणून तिला कुणी नावं ठेवू नयेत. सात-आठ वर्षं पाठ वाकवून बाई म्हणाली की आता पुरे, तर ती हरली असं होत नाही.

आम्हा समन्वयक तायांचं ऐकाल? वर्षभरापूर्वी आमच्या प्रकल्पाची मुदत संपली. पाच महिने मानधन बंद होतं. गावोगावी फिरून बायांना धीर देणाऱ्या आम्ही तिघी जणी एकमेकींशी त्याबद्दल अवाक्षर बोललो नाही. बीए झालेल्या, माईकवर बोलणाऱ्या बायांनी कुणापुढं रडायचं? पुढं पुन्हा काम मिळालं, पण ते फक्त दहा गावांचं, आणि मानधन कमी. डबा घेऊन बाकावर बसलेल्या ताईनं आम्हाला आमचंच तोंड दाखवलं. त्यानंतर आम्ही तिघी महिन्यातून एकदा आपली स्वतःची बैठक घेतो. अजेंडा एकच: कोणाचं कसं चाललंय.

मैत्रिणींनो, बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेब लिहिणं. आपण ती बँकेच्या कर्जासाठी पाठ करतो. काम गेलं तेव्हा आम्हाला त्यातल्याच दोन गोष्टींनी तारलं, बैठकीनं आणि वहीनं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. तुमच्या कामाची रीत बदलली, पगाराची चिठ्ठी बदलली, वेळ बदलली, जागा बदलली, तर लगेच हो म्हणू नका आणि रागानं उठूनही येऊ नका. आठ दिवस मागा. त्या आठ दिवसांत आपल्यासारख्या दुसऱ्या बाईला विचारा, तुला काय सांगितलं. कागद एका पिशवीत गोळा करा. नव्या कामाचा तासाला किती पडतो, ते सगळा खर्च वजा करून मांडा. आणि घरात निदान एका माणसाला त्याच दिवशी सांगा. हिशेब मांडल्यावर मग रडायचं तर रडा, भांडायचं तर भांडा, सोडायचं तर सोडा. तुम्ही ठरवाल ते तुमचं असेल.

आणि गट चालवणाऱ्या तायांनो, तुम्हालाही एक विनंती. आम्ही आमचा नियम बदललाय. ज्या सदस्येचं काम जाईल, तिनं तीन महिने फक्त व्याज भरायचं, मुद्दल पुढं ढकलायचं आणि दंड नाही. सुरुवातीला दोघी-तिघींनी कुरकुर केली, की अशानं सगळ्याच सांगतील काम गेलं म्हणून. आजपर्यंत एकीनंही खोटं सांगितलेलं नाही. उलट ज्या गप्प बसायच्या, त्या आता पहिल्याच सोमवारी बोलतात. हप्ता चुकलेल्या बाईला पहिला प्रश्न "पैसे कुठं आहेत?" हा नको. "काय झालं गं?" एवढं विचारा. वही नंतर उघडा.

आमच्या ताईची मुलगी बारावीला गेली. ग्रॅच्युइटीतले वीस हजार तिच्या नावानं ठेवलेत. ताई आता रोज सकाळी डबा भरून बालवाडीच्या खोलीत येते. एक वाजता सहा डबे एकत्र उघडतात. कुणाचं पिठलं, कुणाची मेथी, आजी कधीतरी खर्डा पाठवतात. ताईचा तोच जुना स्टीलचा डबा आहे, झाकणाला पोचा आलेला. परवा कुणीतरी म्हणालं, नवा घे की आता. ती म्हणाली, "राहू दे. हा माझ्याबरोबर स्टँडवर बसलाय."

तुमच्याकडं असा काही प्रश्न असेल, तर केंद्रावर चिठ्ठी पाठवा किंवा तुमच्या गावच्या गटाच्या ताईला सांगा. पुढच्या भागात आपण पगाराची चिठ्ठी कशी वाचायची ते शिकणार आहोत. घरात असेल तर एक चिठ्ठी समोर घेऊन बसा.